दसऱ्याचं तेल

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे आणि आधीच सांगून ठेवते, मी फार दमले आहे. त्यामुळे ही गोष्ट मी भिंतीला टेकून, जमेल तशी सांगणार. मध्येच थांबले तर घाई करू नका. माझ्या वयाला जरा दम खाऊ द्यावा लागतो.

बोर्ली पंचतनच्या बाजारापासून थोडं आत भातशेतीचं एक गाव आहे. तिथल्या एका स्लॅबच्या घरात मी राहते. समुद्र घरातून दिसत नाही, पण त्याचा खारा वारा बरोबर पोचतो. तो खिडकीच्या गजांना सोडत नाही, तर माझ्या तारांना काय सोडणार? चार महिने ओल, दोन महिने स्लॅबखालची भट्टी, आणि उरलेले दिवस हा वारा. चांगल्या चांगल्या लाकडाचं इथे पाणी होतं, माझी काय कथा!

माझा जन्म दूर कोलकात्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. खोटं कशाला बोलू, मी काही राजघराण्यातली नाही. माझं पोट साध्या प्लायवूडचं आहे. वरून रंग आणि चमक चढवली म्हणून चारचौघांत खपून गेले. माझ्याकडे खरी चांगली वस्तू एकच, ती म्हणजे माझ्या मानेवरची पट्टी. ती अस्सल शिसवाची आहे. वाजवणाऱ्याची बोटं याच पट्टीवर फिरतात. तिच्यावर थोड्या थोड्या अंतरावर धातूच्या आडव्या काड्या ठोकलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बाकी सगळ्या अंगाला कारागिरांनी पॉलिशचा अंगरखा घातला, पण ही पट्टी मात्र उघडीच ठेवली. बोटांना लाकूड लागलं पाहिजे ना, म्हणून. उघड्या अंगाला ऊनही लागतं आणि घामही लागतो. माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे.

मला विकत घेतलं गणराजने. तो मुंबईत एका बिस्किटांच्या कारखान्यात यंत्रावर काम करायचा आणि गावकीच्या, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून घेतलेल्या, खोलीत दहा-बारा जणांबरोबर राहायचा. त्या खोलीतल्या एकाने त्याला चार सूर दाखवले. बाकीचं तो स्वतःच शिकला, म्हणजे निम्मं चुकीचं शिकला. यंत्राचे दांडे ओढून त्याचे हात राकट झाले होते. तार हलकेच दाबायची असते हे त्याला कधी पटलंच नाही. तो मला असा दाबायचा, की जणू मी सोडून पळून जाणार आहे. दोन-चार वर्षांतच माझ्या फ्रेटवर खाचा पडल्या आणि पट्टीच्या लाकडात, त्याची बोटं पडायची त्या जागी, लहान लहान खड्डे झाले. मोजून पाच खड्डे.

फ्रेट झिजल्यामुळे एक-दोन सूर नीट लागेनात. तार वाजली की खाली घरघर व्हायची. खोलीतले लोक हसायचे. गणराज म्हणायचा, "हिला दमा झालाय. दम्याचं माणूस काय बोलायचं थांबतं?" आणि पुन्हा दाबून वाजवायचा. खरं सांगते, मला त्याचा राग यायचा. पण तो सुट्टीला गावी निघाला की मला कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन बसायचा, तेव्हा राग जायचा.

गावात मी पहिल्यांदा आले तेव्हा भजनी मंडळाच्या बुवांनी नाक मुरडलं. पेटी, मृदंग, टाळ यांच्यात हे काय सोंग, असं त्यांचं म्हणणं. पण गणपतीत एका रात्री पेटीचा भाता फाटला आणि गणराजने मला पुढे केलं. दम्यासकट मी आरतीला साथ दिली. त्यानंतर बुवाच निरोप पाठवायचे, गणाला सांगा, ती तुझी पेटी घेऊन ये. गिटार हा शब्द त्यांच्या तोंडी कधी बसला नाही. ते माझे चांगले दिवस होते. लोक कौतुक करायचे आणि मीही थोडी फुगले होते.

गणराजची बायको येसूबाई. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं, तसं ती स्वतःच सांगायची. पण तो ओटीवर वाजवायला बसला की ती तांदूळ निवडायला बरोबर त्याच्याच शेजारी बसायची. आतही उजेड होता, ओटीवरच बसायचं काही कारण नव्हतं. मी सगळं बघत होते. बोलत नाही याचा अर्थ दिसत नाही असा नाही, मित्रांनो.

गणराज निवृत्त होऊन गावी आला आणि दोनच वर्षांत गेला. सकाळी शेताच्या बांधावर बसला होता, तो उठलाच नाही. त्याला जाऊन आता दहा वर्षं झाली. घरात त्याचा फोटो आहे, हार घातलेला. पण त्याचा आवाज कुठेच नाही, त्याचं वाजवणं कुठेच नाही. कोणी टिपून ठेवलं नव्हतं. एका लग्नात त्याच्या मुलाने फोनमध्ये घेतलं होतं, तो फोन दिघीच्या खाडीत पडला. झालं, संपलं. मला माळ्यावर ठेवलं गेलं.

आता माझ्या दुखण्याची गोष्ट ऐका.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजतात. कोयते, विळे, कुदळ, नांगराचा फाळ, सगळं खाली काढायचं, धुवायचं, तेलाचा हात फिरवायचा, हळदकुंकू वाहायचं आणि झेंडूचं फूल ठेवायचं. ज्याच्यावर घर चाललं त्याला वर्षातून एकदा नमस्कार करायचा, अशी रीत. फार चांगली रीत आहे, मी नाही म्हणत नाही. तर गणराज गेल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला येसूबाईने मलाही माळ्यावरून खाली काढलं. माळ्यावरच्या उन्हाळ्याने माझी पट्टी सुकून पांढरट पडली होती, बारीक भेगा दिसत होत्या. येसूबाईने मला बघितलं, स्वतःच्या टाचांकडे बघितलं, आणि उठून खोबरेल तेलाची वाटी आणली.

त्या घरात खोबरेल म्हणजे सगळ्यावर औषध. डोकं दुखलं, लाव खोबरेल. गुडघा धरला, लाव खोबरेल. दार करकरलं, कोयता गंजला, तान्हं रडलं, लाव खोबरेल. मग गिटारने काय पाप केलं होतं? तिने आधी ओल्या फडक्याने मला खसखसून पुसलं आणि मग वाटीत बोटं बुडवून पट्टीवर तेल चोळलं. तेल तारांखाली गेलं, फ्रेटच्या कडांना साचलं, भेगांत उतरलं. वर हळदकुंकू.

पहिले दोन दिवस बरं वाटलं, हे कबूल करते. कोरड्या जिभेला पाणी लागावं तसं. पण खोबरेल लाकडात मुरून गुपचूप राहत नाही. ते खवट होतं, चिकट होतं, धूळ धरतं. थंडीत ते थिजून माझ्या अंगावर पांढरा थर व्हायचा. मग मुंग्या आल्या. मुंग्यांच्या मागून झुरळं आली. कुंकू आणि तेल यांचा चिखल होऊन फ्रेटखाली बसला. पुढच्या दसऱ्याला येसूबाईने मला पुन्हा काढलं, पट्टी काळी पडलेली बघून चुकचुकली आणि आणखी तेल लावलं. अति तिथे माती म्हणतात ना, ती माती मी अंगावर बाळगली. दहा वर्षं, दहा दसरे.

ओरडावंसं वाटायचं. अगं बाई, पुरे कर, मी गुदमरले! पण मग एक गोष्ट घडायची आणि माझा राग गळून जायचा.

पूजा झाली, दुसऱ्या दिवशी घरातले सगळे सोनं वाटायला बाहेर पडले, की येसूबाई एकटीच माझ्यापुढे बसायची. तेलाने माखलेलं बोट ती पट्टीवर फिरवायची आणि एकेका खड्ड्यात थांबायची. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा. गणराजची बोटं जिथे टेकायची तिथे तिचं बोट टेकायचं. पाचव्याला जरा जास्त वेळ. मग डोळे पुसायची आणि मला माळ्यावर ठेवायची. हे तिने कोणाला सांगितलं नाही, मुलालाही नाही. त्या माणसाची धडधडीत खूण जगात एवढीच उरली होती, आणि ती माझ्या अंगावर होती. तेव्हा मी काय तक्रार करणार?

यंदाच्या वैशाखात घरात सून आली. प्रणाली तिचं नाव. उरणकडची, कॉलेजात गिटार शिकलेली, बोलणं फटाफट आणि निम्मं हिंदी. तिचा नवरा साहिल, म्हणजे येसूबाईचा मुलगा, दिघीच्या फेरीबोटीवर कामाला आहे. प्रणालीने माळा झाडायला घेतला आणि मी सापडले. तिने मला हातात घेतलं आणि लगेच दूर धरलं. माझा वास! मला इतकी लाज वाटली. पण मुलीने नाक दाबून का होईना, मला खाली आणलं, फडक्याने एक कोपरा पुसला, खालचं शिसव बघितलं आणि म्हणाली की अलिबागला वाद्यं दुरुस्त करणारे एक काका आहेत, हिला तिकडे नेऊया, एकदम नवी करून आणूया.

नवी करून.  नवी म्हणजे काय करतात, हे मला कारखान्यापासून ठाऊक आहे. जुने फ्रेट उपटतात, पट्टी घासून घासून सपाट करतात आणि नवे फ्रेट ठोकतात. सपाट म्हणजे सपाट. खड्डा राहत नाही.

येसूबाईला अलिबागला डोळे दाखवायचे होतेच, म्हणून तीही बरोबर निघाली. दिघीहून साहिलच्याच बोटीने आम्ही आगरदांड्याला उतरलो, पुढे एसटी. येसूबाईने मला सीटवर मांडीत आडवं धरलं होतं, तसंच, जसं गणराज धरायचा.  नवी करणार म्हणजे काय करणार, हे तिने सुनेला एकदा विचारलं. प्रणाली म्हणाली, मस्त गुळगुळीत करतील आई, बघाच तुम्ही. येसूबाई खिडकीबाहेर बघत राहिली. नव्या सुनेचा उत्साह मोडायला तिची जीभ उचलली नाही, आणि एवढीशी गोष्ट सांगायची तरी कशी?

दुरुस्ती करणाऱ्याचं नाव रघू. साठीकडे झुकलेला, चष्मा नाकाच्या टोकावर. त्याच्या दुकानात फुटलेल्या ढोलक्या आणि बेंजो पार्टीची वाद्यं खच्चून भरली होती. त्याने मला उलटं केलं, सुलटं केलं, पट्टीला नाक लावलं आणि चष्म्यावरून दोघींकडे बघितलं.

"हिला खोबरेल कोणी चोळलं?"

प्रणालीने खांदे उडवले. येसूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. रघू बडबडत राहिला, खोबरेल डोक्याला लावायचं असतं, लाकडाला नाही, रोगापेक्षा औषध जालीम, वगैरे वगैरे. मग त्याने खड्ड्यांवर बॅटरीचा उजेड मारला आणि इतकं दाबून कोण वाजवत होतं म्हणून विचारलं. उत्तराची वाट न बघता त्याने सांगून टाकलं, की फ्रेट पार खाल्ले गेलेत, पट्टी घासून सपाट करावी लागेल, मग हे खड्डे जातील आणि सूर स्वच्छ लागतील. प्रणाली म्हणाली, "करून टाका काका." रघूने तारा सोडल्या, फ्रेट उपटायची पक्कड उचलली आणि माझी मान फडक्यावर टेकवली.

मित्रांनो, आयुष्यात मी पुष्कळ सोसलं, पण त्या क्षणाएवढी कधी घाबरले नाही. आणि तेव्हा येसूबाईचा हात माझ्या पट्टीवर पडला, पाचही बोटं पसरून.

"थांबा भाऊ," ती म्हणाली. "ते खड्डे नका काढू. ह्यांची बोटं हायत तिथं."

 मग तिने खाली मान घालून बाकीचं सांगितलं. तेल मीच लावलं, दर दसऱ्याला लावलं, लाकूड सुकतंय असं वाटलं म्हणून लावलं.  जपायला गेले आणि मीच नासवलं, असं ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून रडली. तिच्याकडे बघून मला माझ्या सगळ्या कुरकुरीची शरम वाटली. दहा वर्षं मी मनातल्या मनात जिला बोल लावले, तिला माझं दुखणं कळलंच नव्हतं. कळलं असतं तर तिने स्वतःच्या टाचांना तेल लावलं नसतं, पण मला बरं केलं असतं.

रघूने पक्कड खाली ठेवली. सुनेला त्याने सरळ सांगितलं, की फ्रेट आणि पट्टी तशीच ठेवली तर एक-दोन सूर कायम घरघरणार, मग त्याला नावं ठेवायची नाहीत. प्रणाली सासूकडे बघत होती. तिला स्वच्छ सुरांची गिटार हवी होती, त्यासाठी ती महिनाभर नाचत होती. तिने येसूबाईचा हात उचलून एक खड्डा बघितला, त्यात स्वतःचं बोट ठेवलं. तिचं बोट बारीक, त्या खड्ड्यात हरवून गेलं.

"राहू दे घरघर," ती म्हणाली. "आई, आधी बोलायचं ना मला."

मग माझी खरी आंघोळ झाली. रघूने माझ्या पोटाच्या भोकावर कागद चिकटवला, खिडक्या उघडल्या आणि तेल काढायचं पातळ औषध कापडावर घेऊन पट्टी पुसली. एक कापड काळं झालं, दुसरं काळं झालं, पाचवं पिवळट निघालं. फ्रेटच्या कडांतला कुंकवाचा चिखल त्याने जुन्या दात घासायच्या ब्रशने काढला. मग अगदी बारीक लोखंडी लोकर, म्हणजे केसांसारख्या तारांची घासणी, घेऊन लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने, खड्डे सांभाळून फिरवली. दहा वर्षांनी माझ्या लाकडाला वारा लागला. तहान मात्र भयंकर लागली होती, पट्टी कोरडी ठणठणीत झाली होती. रघूने लाकडाला लावायच्या तेलाची एक छोटी बाटली काढली, लिंबाच्या वासाची, आणि ती येसूबाईच्या हातात दिली. आता तुम्हीच लावा ताई, म्हणाला, पण माझ्या पद्धतीने.

येसूबाईने सवयीने बाटली सरळ उपडी केली. रघूने मनगट धरलं. दोन थेंब कापडावर. संपलं? संपलं. तिने ते सगळ्या पट्टीवर पसरवलं, आणखी एक थेंब मागून घेतला, शेवटच्या खड्ड्यासाठी. मग दहा मिनिटं सगळे नुसते बसले, चहा आला, चहा झाला. त्यानंतर रघूने तिला कोरडं कापड दिलं आणि पुसायला सांगितलं.

ती पुसेना. कापड हातात धरून तशीच बसली.

"पुसलं तर जाईल ना सगळं?"

"जे लागायचं ते आत गेलं, ताई," रघू म्हणाला. "वर राहिलंय ते पुसायचंच असतं. आणि हे वर्षातून एकदा, फार तर दोनदा. रोज नाही, वाटीने नाही."

तिने पुसलं. अगदी सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कापड कोरडं निघेपर्यंत. आणि मग तिचं बोट पहिल्या खड्ड्यात टेकलं. मित्रांनो, दहा वर्षं ती तेलाला हात लावत होती. त्या दिवशी तिचं बोट लाकडाला लागलं. खड्ड्याची कड तिला जाणवली असणार, कारण ती एकदम थबकली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

परवा दसरा झाला. खंडेनवमीला येसूबाईने कोयत्या-विळ्यांना तेल लावलं, वाटी माझ्याजवळ आणली, आणि स्वतःच हसून परत नेली. मला एक झेंडूचं फूल मिळालं आणि कोरड्या फडक्याचा हात. दसऱ्याला बाकीचे सोनं वाटायला गेले, प्रणाली मात्र गेली नाही. ती ओटीवर बसली आणि मला मांडीवर घेतलं. येसूबाई तांदळाचं सूप घेऊन शेजारी येऊन बसली. प्रणालीने वाजवायला सुरुवात केली, छान वाजवत होती, आणि तिसऱ्या फ्रेटवर बोट पडलं तशी तार घरघरली. ती ओशाळली, थांबली, सॉरी म्हणाली.

येसूबाईचे हात सुपात थांबले होते.

"दमा तसाच हाय गं हिचा," ती म्हणाली. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "परत वाजव तेवढंच."

प्रणालीने परत वाजवलं. मग पुन्हा एकदा. मी दमलेली आहे हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं, आता फार बोलवत नाही. तुमच्या घरीही एखादी माझ्यासारखी म्हातारी वस्तू असेल. तिला जपायचं असेल तर आधी तिला काय सोसतं ते कोणा जाणत्याला विचारा. द्यायचं ते थोडं द्या आणि जास्तीचं पुसून घ्या. आणि तिच्या अंगावरचा एखादा खड्डा बुजवण्याआधी, बाळांनो, घरातल्या माणसांना एकदा विचारा, तो कोणाचा आहे.